पोरीला ओलांडू नका

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोरांची मापं माझ्या वहीत आहेत, त्यामुळे कोणाचं पोर किती वाढलं हे त्याच्या आईच्या आधी मला कळतं. स्कर्ट शिवताना खाली चार बोटं कापड मी आत दुमडून ठेवते. पुढच्या जूनात शाळा उघडायची वेळ झाली की आया तेच स्कर्ट घेऊन येतात. मी दुमड उसवते, दोन बोटं खाली सोडते, इस्त्री मारते, आणि पोरीचं वर्ष निघतं. वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं असतं आणि दुमडीतून निघालेली पट्टी नव्यासारखी गडद असते. त्या पट्टीवरून आंधळ्यालाही कळावं, की पोर एवढं वाढलं.

माझ्या स्वतःच्या पोरीची दुमड मात्र दोन जून आले आणि गेले तरी मला उसवावी लागली नाही.

पहिल्या वर्षी मी म्हटलं, जाऊ दे, होतो एखाद्याला उशीर. दुसऱ्या वर्षी मनात पाल चुकचुकली. ती तिसरीत गेली होती. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करतात, माझी सगळ्यात पुढं. त्याच वर्गात माझ्या धाकट्या जावेची पोरगी. दोघी तीन महिन्यांच्या अंतरानं झालेल्या, दोघींचे स्कर्ट कापडाच्या एकाच ताग्यातले, मीच शिवलेले. जावेच्या पोरीचा स्कर्ट मी माझ्या हातानं दोनदा सोडला. दुसऱ्यांदा तर दुमड पुरली नाही, खाली वेगळी पट्टी जोडावी लागली. ती पट्टी जोडताना माझ्या मनात जे जे आलं ते मी इथं लिहीत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, लपवून काय उपयोग? माझं माहेर काटोलचं. संत्र्याच्या बाजारात माझे वडील ढिगातलं वरचं फळ कधी उचलत नसत. हात घालून खालचं उकरून काढायचे आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत हुंगायचे. तो गुण जसाच्या तसा माझ्यात उतरला. माझी पोरगी वाढत नाही म्हणजे कोणीतरी काहीतरी करतंय, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. फक्त कोण, ते शोधायचं होतं.

पहिला संशय मी टेपवर घेतला. शिंप्याचा कापडी टेप जुना झाला की ताणला जातो, लांब होतो, आणि माप कमी दाखवतो. माझा टेप बारा वर्षांचा. मी तो लाकडी पट्टीला लावून पाहिला. केसभरही फरक नव्हता. मग दूधवाला. दुधाचा थेंब फरशीवर टाकून तो कसा ओघळतो ते मी त्याच्या देखतच पाहायला लागले. चार दिवस त्यानं सहन केलं, पाचव्या दिवशी म्हणाला, "बाई, म्हैस बदलवू का?" मग जंतांचं औषध झालं, शेंगदाण्याचे लाडू झाले, रोजचं अंडं झालं. कोणीतरी सांगितलं, पोरीला लटकू द्या, उंची वाढते. माझ्या नवऱ्यानं दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप बसवला. पोरगी त्याला दोन मिनिटं लटकायची आणि लटकल्या लटकल्या जांभया द्यायची. त्या जांभया मी रोज पाहत होते. बाकी सगळ्या जगावर संशय घेतला, जांभयांवर काही आला नाही.

आता आमचं घर सांगते, कारण सगळं त्या घरातच आहे. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं मोरी आणि नळ. मागच्या गल्लीत उघडणारं एक दार आहे, पण त्याला आम्ही पाण्याचा मोठा ड्रम लावून ठेवला होता. उन्हाळ्यात नळाचा काही भरवसा नसतो, म्हणून ड्रम. पुढच्या खोलीत एका भिंतीला माझी मशीन, दुसऱ्या भिंतीला कापायची फळी आणि कापडांचे गठ्ठे. उरली मधली जागा, तिथं आमच्या गाद्या. पोरीची गादी बरोब्बर दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेत पडायची. आत जायचं तर तिला ओलांडावं लागणार.

आणि झोपलेल्या लेकराला ओलांडत नाहीत. ओलांडलं की त्याची वाढ खुंटते. हे मला कोणी शिकवलं आठवत नाही, पण आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. चुकून कोणी ओलांडलंच तर त्यानं तसंच उलट ओलांडून परत यायचं, म्हणजे ते फिटतं. म्हणून नवरा रात्री आला की पोरीला उठवून बाजूला करायची माझी सवय ती पहिलीत होती तेव्हापासूनची, पहाटेचा पहारा मात्र मी देत नव्हते.

माझा नवरा हिंगण्याला कंपनीत आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी. पहिलीला तो पहाटे पाचला निघतो, दुसरीहून कंपनीची बस त्याला रात्री बारा-सव्वाबाराला कोपऱ्यावर सोडते. आणि जाऊ राहते शेजारीच, भिंतीला भिंत लावून. तिच्याकडे नळ नाही. आमचा नळ दोघींचा, आणि तो येतो पहाटे पाचला. म्हणजे रोज पहाटे ती बादल्या घेऊन आमच्या पुढच्या दारातून आत, मोरीपर्यंत, आणि भरून परत.

एका पहाटे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जाऊ भरलेली बादली घेऊन मोरीतून आली आणि तिनं पाय उचलून सरळ माझ्या पोरीच्या अंगावरून पलीकडे टाकला. मी अशी ओरडले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"थांब! परत ये! उलटी ये!"

"काहून? काय झालं?"

"पोट्टीले ओलांडलं वं तू! चाल, उलटी ये आधी!"

ती बिचारी भरल्या बादलीसकट उलटी फिरली, तिचा पाय गादीत अडकला, आणि अर्धी बादली पोरीच्या अंगावर. पोरगी किंचाळून उठली. जाऊ बादली आपटून म्हणाली, "मी त माझ्या पोट्टीले दिवसातून दहादा ओलांडतो, ताई. थे पाहा, कशी ताडासारखी वाढून राहिली!"

दुसऱ्या कोणाला हे पटलं असतं. मला काय वाटलं? स्वतःच्या पोरीचं सांगून ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकते आहे. ओलांडते माझीला, आणि वाढते हिची! बरोब्बर. चोर सापडला, असंच मी त्या दिवशी धरून चालले.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायला लागले. नियम आता सगळ्यांनाच केला, की कोणीही आत-बाहेर करायचं असलं तर आधी पोरीला उठवायचं, उठून बसवायचं, वाट मोकळी करायची, मग जायचं. पहाटे पाचला नळ आला की उठवायची. नवऱ्याची पहिली पाळी असली की त्याच्याही आधी. दुसरी पाळी असली की कोपऱ्यावर बसचा हॉर्न ऐकू आला रे आला, की मी तिच्या खांद्याला हात लावायची. "उठ वं, बाबा आले." ती उठून बसायची, डोळे मिटलेलेच. नवरा दाराशी पिशवी धरून उभा. पोरगी सरकली की तो आत यायचा. मग तिची झोप मोडायची ती मोडायचीच. बापाच्या ताटातला एखादा घास खायची, शाळेतलं काहीबाही सांगायची, पुन्हा डोळा लागायला तासभर जायचा. मला त्यात आनंदच होता. म्हटलं, पाळ्यांपायी बापलेकीची भेट होत नाही, या निमित्तानं होते.

नवरा एकदाच म्हणाला, "झोपू दे नं तिले."

"आन् तुम्ही ओलांडान मंग?"

तो हात धुवायला मोरीकडे गेला. कंपनीत दिवसभर मशीन बोलते आणि घरी बायको, असं त्याच्या मित्रांनी त्याला म्हटल्याचं मला माहीत आहे.

बरं, मी स्वतः तरी लवकर कुठे झोपू द्यायची? एप्रिल ते जून माझा सीझन. रात्री अकरापर्यंत मशीन चालायची आणि पोरगी मशीनच्या पायाशी गठ्ठ्यावर बसून काजं-बटणं बघत राहायची. दुसऱ्यांच्या पोरांचे कपडे झाले की मग तिची गादी पडायची. अकराला झोपली, बाराला उठवली, एकला परत झोपली, पाचला उठवली. सातची शाळा. हे हिशेबात मांडून आज मी लिहिते आहे. तेव्हा मी एकदाही मांडलं नव्हतं.

एवढा पहारा देऊनही पोरगी वाढेना. मग मला वाटलं, माझा डोळा लागतो तेव्हाच कोणीतरी डाव साधतं. एका रात्री मी रांगोळीचा डबा काढला आणि पोरीच्या गादीच्या दोन्ही बाजूंना वीतभर रुंद रांगोळी पसरून ठेवली. पोलिसांनाही सुचलं नसतं. सकाळी पाहते तर गादीच्या दोन्ही अंगांना पाऊल! स्वच्छ उमटलेलं. एक इकडे, एक तिकडे.

नवऱ्याला उभं करून त्याचं पाऊल लावून पाहिलं. मोठं झालं. तेवढ्यात जाऊ बादली घेऊन आली. मी तिला म्हटलं, "ठेव पाय." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच औषध खाल्लं असावं. पण ठेवला. तिचा पाय लहान. मग ती खाली वाकली, त्या ठशाकडे बारकाईनं पाहिलं आणि म्हणाली, "ताई, याच्यात करंगळी नाही हाय."

माझ्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, लहानपणापासून. ठशात ती उमटत नाही.

"तुमचा ठेवा बरं," जाऊ म्हणाली.

मी ठेवला. तंतोतंत बसला. रात्री पोरीला उठवायला मी धडपडत उठले होते, तेव्हा मीच तिला ओलांडलं होतं. जावेच्या तोंडाचा कोपरा हलत होता.

"पंख्याच्या हवेनं रांगोळी सरकली असन," मी म्हटलं आणि झाडू आणला.

दिवाळीनंतर शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी दुसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपते. रोज. घरी काही त्रास आहे का?" तुम्हीच झोप येईल असं शिकवत असाल, हे माझ्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. बाईंनीच सांगितलं की मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, वयाच्या मानानं लहान दिसते.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पोरीला भिंतीला लावून उंची घेतली. माझ्या टेपनं आली होती तेवढीच आली, म्हणजे टेप निर्दोष. रक्त तपासायला दिलं, पंजाचा एक्स-रे काढला. आठवड्यानं रिपोर्ट घेऊन गेले तर सगळं ठीक. थायरॉइड नाही, रक्त चांगलं. माझी उंची विचारली, नवऱ्याची विचारली, काय खाते ते विचारलं. मग म्हणाल्या, "झोप कशी आहे? रात्री सलग किती झोपते?"

"झोपते ना," मी म्हटलं. "फक्त मध्ये उठवावं लागते."

"लागतं म्हणजे?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. अभिमानानं सांगितलं, हे महत्त्वाचं. नळ सांगितला, पाळ्या सांगितल्या, जाऊ सांगितली. "पण मी कोणाले ओलांडू देत नाही, डॉक्टर. बारा वाजो की पाच वाजो, मी स्वतः उठवते आणि तिले बाजूला करते. दोन वर्षं झाले, एक रात्र चुकवली नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हसल्या असत्या तर मला भांडता आलं असतं, पण त्या हसल्या नाहीत.

"तुमचे मिस्टर कंपनीत आहेत ना? तिथं रात्रपाळी चालते ना? तशी लहान मुलांच्या अंगातही चालते," त्या म्हणाल्या. "मूल गाढ झोपलं की मेंदूतल्या एका छोट्या ग्रंथीतून वाढीचं हार्मोन सुटतं. दिवसाही सुटतं थोडं, पण मोठा लोट येतो तो रात्री, झोप लागल्यानंतर पहिल्या गाढ झोपेत. त्याच्या जोरावर हाडं लांब होतात, स्नायू भरतात, दिवसभराची झीज भरून निघते. सीझनात तुमची मुलगी अकराला झोपते आणि बाराला तुम्ही तिला उठवता. पाळी नुकती सुरू झालेली असते आणि तुम्ही जाऊन मशीन बंद करता. या वयाला दहा तास तरी झोप हवी. सलग."

"आन् ओलांडलेलं?"

"ओलांडून कोणाची उंची थांबत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "झोपेचंच एक कारण आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. तुम्ही दोघंही फार उंच नाही. खाणं असतं, घराण्याची ठेवण असते. पण तिला झोपू द्या. सहा महिन्यांनी परत माप घेऊ."

चिठ्ठीवर त्यांनी एवढंच लिहिलं. गोळी नाही, टॉनिकची बाटली नाही. मी ती चिठ्ठी उलटून पाहिली, मागं तरी काही असेल म्हणून. ही कसली डॉक्टरीण? नक्कीच हिला रोग सापडला नाही, म्हणून झोपेवर ढकलते आहे, असं म्हणत मी ऑटोत बसले. भर दुपार, ऑटोचा खडखडाट, बाहेर हॉर्न. पोरीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि घरी पोचेपर्यंत ती अशी गाढ झोपली की उतरताना मला तिला उचलून घ्यावं लागलं. आठ वर्षांची पोरगी, आणि माझ्या कडेवर मावली.

तरी मी ऐकलं नाही. तीन दिवस मी तिला तशीच उठवत राहिले. सोमवारी नवऱ्याची दुसरी पाळी लागली. सीझन नव्हता, मशीन बंद होती, म्हणून पोरगी नऊलाच झोपली. मी काय केलं, सांगायला लाज वाटते. मी टेप घेऊन तिच्या पायाशी बसले. डॉक्टरीणबाई म्हणतात ना, झोपेत वाढते, मग पाहू तरी वाढताना दिसते का! एक टोक टाचेशी, एक कपाळाशी, आणि मी बसले डोळे फाडून. काही दिसलं नाही. तिचा श्वास तेवढा चालू होता. तोंड जरासं उघडं, एक हात गादीबाहेर फरशीवर पडलेला, चेहरा सैल, निवांत. दोन वर्षांत मी तिचा झोपलेला चेहरा एवढा वेळ कधी पाहिला नव्हता. पाहायला गेले की उठवायचीच वेळ झालेली असायची.

कोपऱ्यावर हॉर्न वाजला. दार उघडून नवरा आला आणि रोजच्यासारखा उंबऱ्याशी थांबला, हातात डब्याची पिशवी. माझा हात आपोआप पोरीच्या खांद्याकडे गेला. हाताला सवय. पण झोपेत तिला काय कळलं कोण जाणे, माझा हात लागायच्या आधीच तिनं खांदा आखडून घेतला. अंगावर काही येणार म्हणून आखडतात तसा.

मी हात मागं घेतला.

"ओलांडा," मी म्हटलं.

"काय?"

"ओलांडा म्हणतो नं मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. बूट काढले. पिशवी छातीशी धरली आणि एक पाय उचलून तो पोरीच्या अंगावरून पलीकडे आला. मी श्वास धरून बसले होते. डॉक्टरीणबाईंचं सगळं खरं, पण मन कुठे ऐकतं? मनानं घात केला. मी हळूच म्हटलं, "आता परत."

"आता कायले परत?"

"उलट ओलांडा. फिटते."

पाळी करून थकलेला माणूस. त्यानं पुन्हा पाय उचलला आणि पोरीला उलटं ओलांडून दाराशी जाऊन उभा राहिला. जिथून आला होता तिथंच. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो, मध्ये पोरगी, तो तिकडे भुकेला आणि मी इकडे स्वयंपाकघराच्या बाजूला.

"मंग मी जेवू कुठी? रस्त्यावर?" तो कुजबुजला.

मला असं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला, आणि कोंबता कोंबता ते हसू कधी दुसरंच झालं मला कळलं नाही. मी त्याला हातानं खूण केली, मागून या. तो घरांच्या पूर्ण ओळीला वळसा घालून अंधाऱ्या गल्लीत गेला. मी स्वयंपाकघरात शिरले. ड्रम भरलेला, हलेना. मग मगानं आवाज न करता पाणी काढून मोरीत सोडलं, अर्धा झाल्यावर पाठ लावून सरकवला. कडी गंजलेली होती, तिला तेल लावलं. बाहेर कुत्री नवऱ्यावर गुरगुरत होती आणि तो त्यांना "हट, हट" करत दबक्या आवाजात रागवत होता. कडी निघाली. तो आत आला, हात धुतले, ओट्याशी उभ्यानंच जेवला.

पोरगी सकाळी साडेसहाला उठली. पहाटे जाऊ बादली घेऊन पुढच्या दाराशी आली तेव्हा मी तिला मागच्या वाटेनं पाठवलं. ती गेली. दोन वर्षांत मला पोरीला उठवायचं सुचलं, रांगोळी पसरायचं सुचलं, जावेचे पाय मोजायचं सुचलं. ड्रम एक हात बाजूला सरकवायचं काही सुचलं नाही.

त्या आठवड्यात मी जावेकडे गेले. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हटलं, "थे पाऊल माझंच होतं वं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "चहा घेता का?"

मी मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेली, आणि पोरीची गादी भिंतीला लागली. रात्री नऊनंतर मशीनचा पायटा मारायचा नाही असं ठरवलं. या सीझनला त्यामुळे चार आयांचे युनिफॉर्म उशिरा गेले, त्यांनी तोंडं वाकडी केली, केली तर केली. बापलेकीची भेट रविवारवर गेली. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात नवरा मागच्या दारानं येतो, जेवतो, आणि अंधारात पुढच्या खोलीच्या दाराशी जरा वेळ उभा राहून तिच्याकडे बघतो. पाय आत टाकत नाही. त्याच्याही मनात थोडं राहिलंच आहे.

मग जून आला. मी तिला स्टुलावर उभी केली आणि जुना स्कर्ट घातला. स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला होता. मला वाटलं कमरेला वर ओढून नेसलाय. खाली ओढला. तरी वरच. टेप लावला. टेपवर पुन्हा संशय आला, म्हणून नवऱ्याचा कंपनीतला लोखंडी टेप आणून लावला. दोन बोटं, वर थोडं. झोपेनं झालं, की तिची वेळच आली होती, हे मला माहीत नाही. सहा महिन्यांनी परत गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनीही तसं ठाम सांगितलं नाही. "झोपू देत राहा," एवढंच म्हणाल्या.

मी खाली बसले आणि दुमड उसवायला लागले. तीन वर्षं आत दाबून राहिलेली पट्टी उघडली, गडद निळी. टाचण्या तोंडात धरून मी नवी घडी बसवत होते. पोरगी वर स्टुलावर गुणगुणत उभी. मी तोंडातल्या टाचण्या बाजूला सारून विचारलं, "काय वं, मी तुले रोज उठवत होती रात्री, तुले राग नाही आला माझा?"

"कायचा राग?"

"झोप मोडे नं तुझी."

"मले वाटे सगळ्याच पोरींच्या आया उठवतात," ती म्हणाली. "तू उठवे म्हणजे काही कामाचंच असन."

मी घरातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला, म्हशीवर घेतला, टेपवर घेतला. हिनं दोन वर्षं, रोज रात्री, डोळे मिटून माझं ऐकलं. माझा हात थांबला. घडी धूसर दिसायला लागली.

"आई, तू रडून राहिली का वं?"

"टाचणी टोचली," मी म्हटलं.

तिनं तेही खरं मानलं.